पाणी ओतायच्या आधीच थांबणारा ‘डी’: सोअर, पाच महिन्यांनंतर

सोअर म्हणजे नियम लिहून निर्णय घेणारे एजंट (प्रोग्रॅम) बनवायचं फुकट सॉफ्टवेअर. त्यात नियम कसे लिहायचे, हे माहीत आहे असं धरूनच लिहितोय. पाच महिने वापरतोय, तेही निव्वळ कमांड लाइनवर. जावातला डीबगर उघडला की माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर बंद करावा लागतो. फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी विकतची रॅम कोण घालणार!

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या असत्या. त्याला कारण ‘डी’.

नेहमीचंच वॉटर-जग, म्हणजे भांड्यांनी पाणी मोजायचं कोडं. ५ आणि ३ गॅलनची भांडी, छोट्यात १ गॅलन उरवायचं. नियम हौसेने स्वतः लिहिले. ‘डी’ म्हणजे रन -डी १, एक निर्णय पुढे. पहिल्या ‘डी’ला मांडामांडीचा ऑपरेटर (एजंट निवडतो ती कृती) आला, दुसऱ्याला ट्रेसमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या नोंदीत, फिल (भांडं भरणं) निवडल्याची ओळ. छान! प्रिंट करून बघतो तर दोन्ही भांडी शून्यावर. फिल निवडलंय आणि थेंबभर पाणी नाही. माझाच अप्लायचा, म्हणजे निवडलेली कृती अमलात आणायचा, नियम चुकला, असं समजून तो तीनदा नव्याने लिहिला. शनिवार गेला, रविवारही गेला. रात्री वैतागून मॅचेस (कोणते नियम लागू व्हायला तयार आहेत ते दाखवणारी कमांड) मारलं, तर तोच नियम पंगतीत ताट घेऊन बसल्यासारखा, वाढायची वाट बघतोय. मग रन -ई १ दिलं, म्हणजे एलाबरेशनची, लागू असलेले नियम चालवायची, एकच छोटी फेरी. मोठ्या भांड्यात ५!

नियम पहिल्यापासून बरोबर होता. इनपुट, प्रपोज, डिसिजन, अप्लाय, आउटपुट अशा टप्प्यांची (फेजची) फेरी फिरते आणि निर्णयाने मोजून चालवलं की सोअर मुळात अप्लायच्या दारात थांबतं. निवड झालेली असते, अंमल व्हायचा असतो. मी मात्र एक ‘डी’ म्हणजे इनपुटपासून आउटपुटपर्यंत अख्खी फेरी, असं धरून बसलो होतो. मदतीच्या पानावर हे आहे. पण ते पान उघडायला लागतं ना.

रागाच्या भरात स्टॉप-फेज, म्हणजे कुठल्या टप्प्याआधी थांबायचं ती सेटिंग, इनपुटवर नेलं (९.६ आवृत्तीपासून ही कमांड ‘सोअर’ नावाच्याच कमांडच्या पोटात गेली आहे). आता प्रत्येक ‘डी’ला पाणी ओतलेलं दिसायचं. दोन महिने खूश होतो.

मग स्वतःचा जरा मोठा एजंट लिहिला आणि तो भलताच ऑपरेटर निवडायला लागला. का निवडला म्हणून प्रेफरन्सेस (कोणत्या ऑपरेटरला किती पसंती) बघायला जावं, तर ओतून झाल्यावर परिस्थितीच बदललेली. ज्या प्रस्तावांच्या अटी मोडल्या ते गायब. चोर पळाल्यावर पंचनामा. तेव्हा कळलं की अप्लायच्या आधी थांबण्यात अर्थ आहे: कोण कोण रांगेत होतं आणि कोणाचा नंबर लागला, हे तिथेच धड दिसतं. माझे शब्द मागे घेतो. शनिवार-रविवार मात्र कोणी परत देत नाही.

बाकी किरकोळ. रन -पी एकेक फेज चालवतं, शिकताना बरं. रन -ओ आउटपुट येईपर्यंत पळतं. काहीच आलं नाही तर १५ फेऱ्यांनी आपणहून थांबतं, हा आकडा वाढवता येतो. आणि आकडा न देता नुसतं रन मारू नका, एखाद्या नियमातून हॉल्ट (थांबायचा हुकूम) येईपर्यंत ते थांबायचं नाव घेत नाही.

स्टॉप-फेज पुन्हा अप्लायवर आणून ठेवलंय. ‘डी’, प्रिंट, ‘ई’, प्रिंट असं चालतं, आणि मागे ब्राउझरही उघडा राहतो.