ग्रोसच्या ‘समाजाचे आधारस्तंभ’ची छापील प्रत: चेहरे स्पष्ट, आग विझली

जॉर्ज ग्रोस या जर्मन चित्रकाराने १९२६ मध्ये रंगवलेले हे तैलचित्र बर्लिनच्या नॉये नॅशनालगालेरीच्या संग्रहात आहे. मूळ चित्र दोन मीटर उंच आणि जेमतेम एक मीटर रुंद आहे; मी ऑनलाइन मागवलेली मॅट कागदावरची प्रत त्याच्या निम्मीही नाही.

ग्रोसची धारदार व्यंग्यरेषा मात्र आकार लहान झाला तरी बोथट झालेली नाही. सर्वांत पुढे बिअरचा मग आणि तलवार घेतलेला, एका डोळ्यावर काच लावलेला गृहस्थ आहे. त्याच्या गालावरचा द्वंद्वयुद्धाचा व्रण, उघड्या कवटीतून उसळणारा घोडेस्वार आणि टायवरचे स्वस्तिक प्रतीतही स्पष्ट दिसते. (नाझी पक्ष तेव्हा सत्तेपासून बराच दूर होता, हे लक्षात घेतले की ग्रोसची नजर किती तीक्ष्ण होती ते कळते.) मागे डोक्यावर मूत्रपात्र पालथे घातलेला, वर्तमानपत्रे कवटाळून बसलेला पत्रकार आणि कवटीत वाफाळती विष्ठा असलेला राजकारणी आहे.

हे सारे एकमेकांना खेटून उभे आहेत, पण कोणी कोणाकडे पाहत नाही. त्यांची युती स्नेहाची नसून सोयीची आहे, हे त्या दाटीवाटीतूनच उमगते. ज्यांच्यावर सत्ता चालते ते कामगार, बेकार किंवा युद्धात पंगू झालेले जवान यांपैकी एकही चित्रात नाही, आणि मला ही अनुपस्थितीच सर्वांत बोचते. सामाजिक ताण दिसतो तो वरच्या भागात: तिथे लालबुंद चेहऱ्याचा धर्मोपदेशक हात पसरून उपदेश करतो आहे आणि त्याच्या पाठीमागे आग व रक्ताळलेले शस्त्र घेतलेले सैनिक आहेत.

नेमका हाच भाग प्रतीत बिघडला आहे. मॅट कागदाने गडद रंग शोषून घेतल्यामुळे ज्वाळा आणि सैनिक एकाच तपकिरी डागात विरघळले आहेत, आणि उपदेशकाचे पसरलेले हात साध्या आशीर्वादासारखे भासतात. खालच्या मद्यपी देशभक्तीपासून वरच्या हिंसेपर्यंत जाणारा आरोपच त्यामुळे अर्धवट राहतो. सोबतच्या माहितीपत्रकात ‘जुन्या बर्लिनचे विनोदी चित्र’ असे लिहिले आहे, ते तर अक्षम्य आहे.

प्रत जाड पुठ्ठ्याच्या नळीतून आली आणि कोपरे शाबूत होते. चेहऱ्यांच्या अभ्यासासाठी ती पुरेशी आहे. संपूर्ण चित्र भिंतीवर हवे असेल, तर मोठा आकार आणि किंचित चकाकी असलेला कागद मागावा, आणि पैसे भरण्यापूर्वी वरच्या उजव्या कोपऱ्याचा नमुना पाहून घ्यावा.