मिरजेत दुर्बिणीने पित्ताशयाचं ऑपरेशन: रचना वेगळी असेल तर ही सेवा कशी आहे?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या की पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणजे दात काढण्याइतकं किरकोळ काम वाटतं. बहुतेकांसाठी ते खरोखर सोपं असतंही. चार छिद्रं पाडतात आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पण काहींची पित्ताची पिशवी, नळी किंवा धमनी नेहमीच्या जागी नसते. मिरजेतल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयाची ही सेवा अशा रुग्णांच्या नजरेतून तपासली आहे. नाव देत नाही, निकष कुठेही लावून बघता येतील.

सोनोग्राफी ही इथली जमेची बाजू. सहा ते आठ तास उपाशी यायला सांगतात आणि सकाळी दुधाचा चहा घेतलेल्याला सरळ दुसऱ्या दिवशी बोलावतात. लोक कुरकुरतात, पण नियम बरोबर आहे. स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पिशवी आकसते. मग जुनाट आकसलेली पिशवी, जन्मतः नसलेली पिशवी आणि शेजारच्या आतड्यातला वायू यांतला फरक पडद्यावर कळेनासा होतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवूनही बघतात. रिपोर्टमध्ये पिशवीच्या भिंतीची जाडी (३ मिमीपेक्षा जास्त असेल तर सूज धरतात), मुख्य पित्तनलिकेची रुंदी (साधारण ६ मिमीपर्यंत ठीक, उतारवयात थोडी जास्त) आणि पिशवीच्या मानेत (नळीकडच्या अरुंद भागात) अडकलेला खडा हे सगळं लिहिलेलं असतं. पिशवीचं टोक दुमडलेलं दिसलं तर ‘हा नुसता आकार आहे, यासाठी ऑपरेशन लागत नाही’ असंही स्पष्ट सांगतात. हे सगळीकडे सांगितलं जात नाही.

एमआरसीपी (पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) सरसकट लिहून देत नाहीत. रक्तात बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडल्यावर वाढणारे घटक) वाढलेलं असेल, नलिका फुगलेली असेल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पिशवी जागेवर दिसत नसेल किंवा दोन दिसत असतील, तेव्हाच करतात. पिशवीची नळी मुख्य नलिकेला चिकटून खालपर्यंत जाऊन मिळते का, यकृताच्या उजव्या भागातली एखादी नळी वाटेत तिलाच येऊन मिळते का, हे यात दिसू शकतं. श्वास नीट रोखला नाही तर चित्र पुसट येतं आणि बारीक नळ्या सुटतात. इथली उणीव अशी की सर्जनने मुद्दाम विचारल्याशिवाय नळी कुठे मिळते हे रिपोर्टमध्ये येत नाही. आपणच आग्रह धरावा.

खरी परीक्षा टेबलावर. पिशवी वर ओढली की मुख्य नलिकाही ताणून सरळ होते आणि पिशवीची नळी समजून तीच कापली जाते. या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट चूक हीच. ती टाळण्याची सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली मांडलेली पद्धत इथे पाळतात. पिशवीची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे, पिशवीचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवायचा आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी (तिची नळी आणि धमनी) दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. त्याचे पुढून आणि मागून काढलेले फोटो फाइलला लावतात. उजवी यकृत धमनी वळसा घेऊन पिशवीला टेकलेली असली, तर तिलाच पिशवीची धमनी समजण्याची चूकही अशा सफाईमुळे टळते. पिशवी डाव्या बाजूला असेल तरी दुखणं बहुधा उजवीकडेच राहतं, त्यामुळे ती कित्येकदा दुर्बीण आत गेल्यावरच कळते. तेव्हा छिद्रांच्या जागा बदलायची तयारी असलेला सर्जन हवा, आणि इथे तो आहे.

नीट दिसलंच नाही तर पिशवीचा काही भाग ठेवून बाहेर पडणं किंवा पोट उघडणं हे दोन्ही पर्याय संमतिपत्रात मराठीत छापलेले आहेत. पोट उघडणं म्हणजे सर्जनचं अपयश, असं आपल्याकडे नातेवाईक धरून चालतात. तसं काही नाही.

आता तक्रारी. नलिकेत औषध सोडून एक्स-रे घ्यायचं यंत्र आहे, पण ते चालवणारा रात्री नसतो, म्हणजे सुजलेल्या पिशवीचं तातडीचं काम त्याच्याविनाच होतं. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेवर केलेला उपचार) इथे होत नाही आणि पॅकेजमध्ये धरलेलीही नाही. नलिकेत खडा निघाला किंवा नंतर पित्त गळलं, तर दुसरीकडे जावं लागतं आणि खर्च वेगळा. डिस्चार्ज कागदावर ‘तेलकट टाळा’ एवढंच. तिथे ठळक हवं ते हे: दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, ताप आला, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर ‘गॅस झाला’ म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या व्हायला हव्यात.

काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात, हे उत्तम. एमआरसीपीत दोन पिशव्या दिसल्या असतील तर या तपासणीच्या रिपोर्टमध्येही दोन्हींचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्या. एक आत राहिली तर त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो.

एकूण पाचपैकी साडेतीन. ठरवून, दिवसा करायच्या ऑपरेशनसाठी बिनदिक्कत जावं. जत किंवा अथणीहून येणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट आणा आणि एमआरसीपीची नुसती फिल्म नको, सीडीही मागून घ्या. सर्जनला एकेक काप पुढे-मागे करून बघायचा असतो.