लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई: तालुक्याच्या ऑनलाइन-झेरॉक्स दुकानात किती चालते, कुठे अडते

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम. निकाल आधीच सांगून टाकतो. पाचापैकी चार. मात्र टेबलावर चुकीचा प्रिंटर असेल तर त्याच मिंटला दोनच. हे परीक्षण त्यामुळे मिंटपेक्षा त्याच्या मागे यूएसबीने लोंबकळणाऱ्या डब्यांचेच जास्त आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागते आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. दारव्हा, आर्वी, अहेरी, धारणी, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात नागपूरच्या बर्डीवरून आणलेला सेकंडहँड डबाच दिसतो: तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. विंडोज ११ त्याला नियमाने घेणार नाही. मिंट घेते. २२ ची मालिका जुलै २०२४ मध्ये आली, ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिचे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

मिंटच्या डेस्कटॉप-रूपांपैकी सिनॅमन दिसायला देखणे, पण चार जीबीच्या यंत्रावर हलके एक्सएफसीईच घ्या. जी-३१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डवर तर सिनॅमनचा विचारच नको. तिथला ग्राफिक्स इतका जुना की खिडक्या रंगवायचे काम प्रोसेसरवर पडते आणि माऊस अडखळतो. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर रॅमच्या आधी एसएसडी. आणि कोर टू ड्युओ असो की आय-फाइव्ह, मिंट २२ फक्त ६४-बिटमध्ये मिळते.

(पुढे ज्या आज्ञा येतील त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

पेनड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताच चालू होते, ही त्याची सर्वांत मोठी सोय, आणि बहुतेक लोक तीच वापरत नाहीत. इन्स्टॉलचे बटण दाबायच्या आधी दुकानातला प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे मशीन, डिजिटल सहीचे टोकन, सगळे जोडा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ लिहिले की जोडलेल्या प्रत्येक वस्तूची ओळ येते. ओळ दिसते पण वस्तू चालत नाही, तर ड्रायव्हरचा (वस्तू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रश्न. ओळच दिसत नाही, तर केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठा. एवढा फरक आधी कळला तरी अर्धा दिवस वाचतो.

वायफायमध्ये अडणारी चिप बहुधा एकच: ब्रॉडकॉमची बीसीएम ४३१४२. २०१३-१५ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बसवलेली आहे आणि तिचा ड्रायव्हर मिंट आपोआप चढवत नाही. आता ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटला ड्रायव्हर हवा! उपाय सोपा आहे. अँड्रॉईड मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते वायरचे कनेक्शन वाटते आणि कसलाही ड्रायव्हर लागत नाही. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा. टॉवरही मिळत नसेल तर इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावूनच ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो ड्रायव्हर त्यातून घेतो.

इथेच पुढची ठेच लागते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर चढवताना एक पासवर्ड ठरवायला लावतात, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. त्यात कुठलेही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा प्यायला उठलात की पडदा गेला, आणि ड्रायव्हर इन्स्टॉल दिसूनही वायफाय मेलेलेच राहते. दुकानाच्या यंत्रावर सिक्युअर बूट सरळ बंद ठेवलेले बरे.

बाजारातले स्वस्त वायफाय डोंगल कधीकधी सीडी ड्राइव्ह म्हणून उगवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात ठेवलेला असतो. ‘एलएसयूएसबी’मध्ये ०बीडीए:१ए२बी असा आकडा दिसला की हाच प्रकार. डेस्कटॉपवरच्या त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. दोन-चार सेकंदांत डोंगल आपले खरे रूप दाखवते. आवाज, ब्लूटूथ, वेबकॅम यांवर लिहिण्यासारखे फार नाही, बहुतेक यंत्रांवर हात न लावता चालतात.

आता प्रिंटर. दुकानाचा धंदा याच्यावर, आणि मिंटचे गुणही इथेच कापले जातात.

कॅनन एलबीपी २९००बी विदर्भातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे निघेल. हा प्रिंटर कंपनीच्या ‘कॅप्ट’ नावाच्या खास भाषेत बोलतो, त्यामुळे मिंटमध्ये जोडून नाव निवडले की झाले, असे इथे होत नाही. कॅननचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर २.७१ आहे. त्याची नेहमीची तक्रार अशी की प्रिंटच्या रांगेत काम ‘पूर्ण’ दिसते आणि कागद जागचा हलत नाही. ड्रायव्हरच्या आतले काही भाग ३२-बिटचे आहेत, ६४-बिट मिंटवर त्यांना लागणाऱ्या ३२-बिट लायब्ररी नसतात, आणि एररही न देता ते गप्प बसतात. लिबसी६, लिबएसटीडीसी++६, लिबपॉप्ट०, लिबएक्सएमएल२ आणि झेडलिब या पाचांच्या आय-३८६ (म्हणजे ३२-बिट) आवृत्त्या आधी टाकाव्या लागतात. त्यानंतर प्रिंटरची रांग लोकलहोस्टच्या (म्हणजे याच संगणकाच्या) ५९६८७ पोर्टवर लावायची आणि ड्रायव्हरच्या ‘सीसीपीडी’ सेवेला प्रिंटर कुठल्या डिव्हाइसवर आहे ते सांगायचे. प्रिंटर बंद-चालू झाला की ही सेवा कधीकधी हरवते. तिला रीस्टार्ट केले की गाडी पुन्हा रुळावर येते. जिथे दिवसातून तीनदा लाईन जाते तिथे हे नाटक तीनदा.

दुसरी वाट ‘कॅप्टड्रायव्हर’ या मुक्त ड्रायव्हरची. तो सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधावा लागतो: ऑटोमेक, बिल्ड-इसेन्शियल आणि लिबकप्स२-डेव्ह टाका, मग कॉन्फिगर आणि मेक करा, आणि तयार झालेली ‘रास्टरटूकॅप्ट’ ही फाइल कप्सच्या (मिंटच्या छपाई यंत्रणेच्या) फिल्टर फोल्डरमध्ये ठेवा. फाइलची मालकी रूटकडे (सिस्टीमच्या मुख्य वापरकर्त्याकडे) आणि परवानगी ७५५ हवी. ग्रुपला लिहायची परवानगी राहिली की कप्स असुरक्षित म्हणून ती चालवतच नाही, आणि लोक दोष ड्रायव्हरला देतात. ड्रायव्हर प्रायोगिक आहे. साधी ए-फोर पाने निघतात, कागद अडकल्यावर सावरायला मात्र तो कच्चा. ज्याच्याकडे हा प्रिंटर आधीच आहे त्याने खटपट करावी. मिंट टाकायचे ठरवून मग हा प्रिंटर सेकंडहँड आणायला जाऊ नये.

एचपी लेझरजेट १०२० आणि पी१००७ ची गोष्ट वेगळी. या प्रिंटरच्या आत फर्मवेअर कायमचे साठत नाही. वीज गेली की मेंदू कोरा, वीज आली की संगणकाने तो पुन्हा भरायचा. मिंटमध्ये एचपीलिप हे एचपीचे प्रिंटर-सॉफ्टवेअर असतेच. कमी असते ते एचपीचे बंद प्लगइन. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा ते उतरवते. नेट मधेच तुटले तर सहीची तपासणी फसते. तेव्हा प्लगइनची ‘.रन’ आणि ‘.एएससी’ या दोन्ही फाइल्स मोबाईलवर उतरवा, संगणकात घ्या आणि ‘एचपी-प्लगइन -पी’ लिहून त्यापुढे फोल्डरचा पत्ता द्या. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणून एखाद्या मोठ्या अपडेटनंतर १०२० अचानक मुका झाला तर खोलखाल करू नका, तीच आज्ञा पुन्हा चालवा. आणि एचपीलिप असताना एखाद्या व्हिडिओत पाहून ‘फू२झेडजेएस’ हा दुसरा ड्रायव्हरही टाकून ठेवू नका. दोघेही फर्मवेअर भरायला धावतात आणि कुणाचेच धड होत नाही.

सगळ्यांत कमी डोकेदुखी एप्सनच्या शाईटाकीवाल्या एल मालिकेची. छपाईचा ‘ईएससीपीआर’ ड्रायव्हर मिंटच्या सॉफ्टवेअर-भांडारातच मिळतो, स्कॅनसाठी एप्सनचे ‘एप्सन स्कॅन २’ वेगळे उतरवावे लागते. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या उन्हात आठ दिवस प्रिंट काढली नाही की शाई हेडमध्ये सुकते; नोझल तपासायला आणि हेड साफ करायला ‘एप्सन प्रिंटर युटिलिटी’ही त्याच वेळी टाकून घ्या, ती ईएससीपीआरसोबत येत नाही. धान्य-कापसाच्या काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स असेल तर कप्समधला एप्सन ९-पिन किंवा २४-पिन ड्रायव्हर बहुधा लागू पडतो, कारण त्यातले बहुतेक प्रिंटर एप्सनचीच भाषा समजतात.

लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नये, हे मिंटचे नसले तरी सांगायलाच हवे. ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास दम धरतो. कागदावर टोनर भाजणारा फ्यूझर त्याच्या वर झटका देतो, यूपीएस बसतो आणि सोबत संगणकही.

लाईन गेल्यावर मिंटचे काय होते? मिंटची फाइल-व्यवस्था एक्सटी४ ही बदलांची नोंदवही (जर्नल) ठेवते, त्यामुळे बहुतेक वेळा काहीच होत नाही. क्वचित चालू करताना काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ असे लिहून यंत्र थांबते. तिथे ‘एफएससीके -वाय’ लिहून पुढे पडद्यावर दाखवलेल्या पार्टिशनचे नाव द्या, काम झाल्यावर ‘एक्झिट’. अपडेट चालू असतानाच लाईन गेली तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यामागून ‘सुडो एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल’. नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अर्धवट चढून बूटच होत नसेल तर चालू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबून ग्रबचा (काय चालू करायचे ते निवडायचा) मेनू काढा आणि जुना कर्नल निवडा. सिस्टीम आधीच्या अवस्थेत परत नेणारे टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा, पण १२० जीबीच्या एसएसडीवर दोनच स्नॅपशॉट ठेवा, नाहीतर डिस्क तुडुंब.

जुन्या डब्याची तारीख मागे गेली की सरकारी साइटी ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. त्यात मिंटचा दोष नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल तर सेल ठीक आहे. विंडोज आणि मिंट एकाच यंत्रात ठेवले असून दोघे वेळ वेगवेगळ्या रीतीने लिहितात. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ने भांडण मिटते. विंडोजचा डी ड्राइव्ह मिंटमध्ये फक्त वाचता येतो, काही साठवता येत नाही, हेही दोन सिस्टीम ठेवणाऱ्यांचेच दुखणे: विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा.

मराठी टायपिंगला आयबस-एम१७एन टाका. इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, हवा तो कीबोर्ड मिळतो. मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्याने मिंटमध्ये नसतो, त्यामुळे दुसऱ्याकडून आलेल्या वर्ड फाइलची पाने सरकतात. खरी गंमत कृतिदेवची, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी बसवलेल्या जुन्या फॉन्टची. फॉन्टची फाइल टाकली की अर्ज उघडतो, दिसतोही बरोबर, आणि टाइप करायला लागले की अक्षरे बिघडतात. कारण मिंटमधल्या लिब्रेऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरचा ऑटोकरेक्ट. वाक्याचे पहिले अक्षर तो कॅपिटल करतो, म्हणजे कृतिदेवमध्ये वेगळेच अक्षर; आणि सरळ अवतरणचिन्हांची वाकडी चिन्हे करतो, जिथे कृतिदेवचे अर्धे श आणि ष बसलेले आहेत. टूल्समधून ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडा, कॅपिटलच्या दोन्ही खुणा काढा, आणि ‘लोकलाइज्ड ऑप्शन्स’मधली अवतरणांची अदलाबदल बंद करा. ‘शेतकरी’चा श परत येतो.

एक गुण जो कापला तो आधारच्या अंगठ्यासाठी. दुकानांत असलेल्या बायोमेट्रिक मशीनची आरडी सर्व्हिस (ठसा पोर्टलला पोचवणारे सॉफ्टवेअर) विंडोज आणि अँड्रॉईड धरून बनवलेली असते. पोर्टल संगणकावरच ११,१०० ते ११,१२० या पोर्टांत तिला शोधते, आणि मिंटवर तिथे उत्तर द्यायला कुणी नसते. वाइनमध्ये टाकून पाहू नका. वाइन विंडोजचे प्रोग्राम चालवते, यूएसबीचे ड्रायव्हर नाही. तेच मशीन ओटीजी केबलने मोबाईलला लावा आणि अंगठ्याचे काम मोबाईलवर करा, किंवा त्यासाठी एक विंडोजचा संगणक राखा. डिजिटल सहीच्या टोकनचे निम्मे जमते: पीसीएससीडी (टोकनशी बोलणारी सेवा) टाकून टोकन बनवणाऱ्याची लिनक्स लायब्ररी फायरफॉक्सच्या सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये लोड केली की प्रमाणपत्र दिसते. पण पोर्टलचे सही करणारे सॉफ्टवेअर विंडोजचेच असेल तर पुढे रस्ता नाही. टॅलीवाल्यांनीही विंडोज सोडू नये.

सातबारा, उत्पन्नाचा दाखला ब्राउझरमधून नीट निघतात. गिऱ्हाईक मात्र विचारते, ‘सहीवर हिरवी टिक काहून नाही आली भाऊ?’ अ‍ॅडोबी रीडर लिनक्ससाठी कधीचाच थांबला. ओक्युलर हा पीडीएफ वाचक टाका, सीसीए इंडियाचे (डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचे) रूट प्रमाणपत्र फायरफॉक्समध्ये इम्पोर्ट करा आणि ओक्युलरच्या पीडीएफ सेटिंगमध्ये फायरफॉक्सचाच प्रमाणपत्रांचा साठा दाखवा. मग सही तपासून वैध असल्याचे तो सांगतो.

नेटचा खर्चही धरा. मिंट इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, नंतरचे पहिले अपडेटही रोजचा डेटा पॅक गिळू शकते. दुकानात किंवा शाळेत दोन-चार यंत्रे असतील तर एकावरच ‘सुडो एपीटी-गेट डिस्ट-अपग्रेड’ करा. ‘एपीटी-गेट’ने उतरवलेल्या ‘.डेब’ फाइल्स एपीटीच्या कॅशमधल्या आर्काइव्ह्ज फोल्डरमध्ये राहतात. नुसत्या ‘एपीटी’ने केले तर इन्स्टॉल झाल्यावर त्या पुसल्या जातात. त्या फाइल्स पेनड्राइव्हने बाकीच्या यंत्रांच्या त्याच फोल्डरमध्ये टाकून तीच आज्ञा द्या. पॅकेजची यादी ताजी करायला लागते तेवढाच डेटा जातो.