छज्ज्यावर पाय ठेवण्याआधी: जोखीम तपासणीचं कोणतं प्रशिक्षण कुणाला?

दादर-परळकडची पन्नास वर्षांची इमारत, चौथा मजला, खिडकीबाहेर सिमेंटचा छज्जा आणि त्यावर बसवायचं एसीचं सुमारे ३० किलोचं आउटडोअर युनिट. मुंबईत एसी, सीसीटीव्ही, काच किंवा सोलर बसवणाऱ्या प्रत्येक छोट्या कंत्राटदाराकडे या धर्तीचं काम येतंच. सोसायटीची कमिटी किंवा मोठी ग्राहक कंपनी 'रिस्क असेसमेंटचं ट्रेनिंग झालंय का?' असं विचारते तेव्हा बाजारात पर्याय पुष्कळ असतात आणि सगळ्यांच्या शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. म्हणून प्रमाणपत्र बाजूला ठेवून इथे प्रत्येक पर्याय या एकाच कामाला लावून पाहिला आहे. प्रश्न एवढाच: प्रशिक्षण घेतलेला मिस्त्री त्या खिडकीपाशी उभा राहून काय ओळखेल आणि काय थांबवेल?

आधी काम नीट पाहू

पहिला धोका छज्जाच. खाऱ्या, दमट हवेत आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट सुटतं. रंग मात्र शाबूत दिसतो. हातोडीने हलकं ठोकलं की सुटलेली जागा पोकळ वाजते. पोकळ आवाज, सळईच्या रेषेत तडा किंवा गंजाचे डाग, यांपैकी एक जरी दिसलं तरी तिथे माणूसही नको आणि युनिटही नको. आणि आवाज भरीव आला म्हणजे छज्जा उभं राहण्याजोगा झाला असंही नाही. तो ऊन-पाऊस अडवायला बांधलेला असतो, माणूस आणि मशीन पेलायला नाही.

दुसरा प्रश्न हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, कशाला अडकवायचा. बहुतेक वेळा तो ग्रिललाच अडकवतात. पडण्याचा जोर शोषणारा शॉक अॅब्झॉर्बर नीट उघडला तरी झटका ६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० किलोच्या ओढीएवढा असू शकतो. भिंतीत चार स्क्रूंवर धरलेली ग्रिल तो घेणार नाही. त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे खालची मोकळी जागा. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेस अडकवायचा दोर), उघडलेला अॅब्झॉर्बर, हार्नेसच्या कडीपासून पावलांपर्यंतचं अंतर आणि वर मीटरभर राखीव धरलं तर अँकरच्या, म्हणजे दोर अडकवलेल्या जागेच्या, खाली सुमारे ६ मीटर लागतात. चौथ्या मजल्यावर उंची भरपूर आहे असं वाटतं, पण खालच्या मजल्याचा छज्जा जेमतेम ३ मीटरवर असतो. माणूस दोरावर तोलला जाण्याआधी त्यावर आपटतो. इथे योग्य उपाय म्हणजे घराच्या आत, मजबूत बीम किंवा कॉलमला बांधलेला इतका आखूड दोर की माणूस कडेपलीकडे जाऊच शकणार नाही.

मग सुटका. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. अग्निशमन दलाला १०१ वर कळवायचंच, पण लटकलेल्याला वर किंवा खाली कोण आणि कशाने घेणार हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

वीज, गॅस आणि खालच्या रस्त्यावर काही पडणं हे उरलेले धोके. एमसीबी पाडून तिला कुलूप नि टॅग लावायचा. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग आपल्या सर्किटवर, मग पुन्हा चालू लाइनवर. स्क्रूड्रायव्हरमधला दिवा पेटला नाही हा वीज नसल्याचा पुरावा नव्हे. इन्व्हर्टर युनिटच्या पीसीबीवरचे (सर्किट बोर्डवरचे) वीज साठवणारे कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले राहतात. एसीत भरला जाणारा आर-३२ गॅस ज्वलनशील गटातला आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे बंद खोलीत तो खाली साचतो. गळती तपासायला रेग्युलेटर लावलेला नायट्रोजनच हवा, ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली तर स्फोट होतो.

ऑनलाइन कोर्स

तासा-दोन तासांचे व्हिडिओ, शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा, लगेच प्रमाणपत्र. धोका आणि जोखीम यांतला फरक कळतो: छज्जा कमकुवत असणं हा धोका, त्यावर कोण, किती वेळ, किती वेळा चढणार यावरून ठरते ती जोखीम. शिडी चारास एकच्या उतारावर लावायची, म्हणजे ४ मीटर उंचीला पाया भिंतीपासून १ मीटर लांब, हेही कळतं. पण छज्जा ठोकून पाहायला कुणी लावत नाही आणि फॉर्म कुणी तपासत नाही. नव्या हेल्परला पहिल्या दिवशी शब्द ओळखीचे व्हावेत किंवा जुन्याला वर्षाने उजळणी मिळावी, एवढ्यापुरता तो ठीक. एकटा ऑनलाइन कोर्स करून माणसाला उंचीवर पाठवू नये, हे आमचं ठाम मत आहे.

एक-दोन दिवसांचा वर्ग

मुंबईकराला इथे मोठा फायदा आहे. केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीतली सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट सायनला आहे आणि १९६६ साली स्थापन झालेल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला. अशा संस्थांच्या वर्गात जोखीम मोजायचा तक्ता रीतसर शिकवतात: घडण्याची शक्यता १ ते ५, परिणामाची तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. उपायांचा क्रमही पक्का होतो. आधी धोकाच टाळता येतो का ते पाहायचं, मग बदलता येतो का, मग यांत्रिक अडथळा, मग कामाची पद्धत आणि सगळ्यांत शेवटी हेल्मेट-हार्नेस.

हा क्रम कळलेला सुपरवायझर आमच्या कामात पहिला प्रश्न वेगळाच विचारतो: युनिट छज्ज्याऐवजी गच्चीवर किंवा बाल्कनीत बसेल का? पाइप लांबतो, कंपनीने दिलेली लांबीची मर्यादा पाहावी लागते, गॅस वाढवावा लागू शकतो, पण छज्ज्यावर जाणंच टळतं.

उणीव अशी की उदाहरणं बहुधा कारखान्यातली असतात: प्रेस, फोर्कलिफ्ट, केमिकलचे ड्रम. रोज नव्या घरात जाणाऱ्या फिटरला ती आपल्या कामाशी जोडता येत नाहीत. शिवाय चार माणसं दोन दिवस पाठवली की आठ माणूस-दिवस गेले. म्हणून हा वर्ग सुपरवायझरसाठी, सगळ्यांसाठी नाही.

आयओश, नेबॉश

आयओश आणि नेबॉश या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेसंबंधीच्या ब्रिटनमधल्या संस्था. आयओशचा 'मॅनेजिंग सेफली' कोर्स साधारण तीन दिवसांचा असून त्यात लेखी चाचणीबरोबर स्वतः केलेलं जोखीम मूल्यमापन द्यावं लागतं. नेबॉशचं आंतरराष्ट्रीय जनरल सर्टिफिकेट बरंच जड आहे. त्याच्या दुसऱ्या भागात प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचे किमान १० धोके मांडायचे असतात. दोन्हींची शिस्त उत्तम. पण अभ्यास बहुधा इंग्रजीत, आणि त्यांचा खरा उपयोग आखाती देशांतल्या नोकरीसाठी, बहुराष्ट्रीय ग्राहकांसाठी किंवा सेफ्टी ऑफिसर होऊ पाहणाऱ्यासाठी. दहा माणसांच्या कंत्राटदाराने एखाद्या हुशार सुपरवायझरला आयओशला पाठवावं; हाताने काम करणाऱ्याला नेबॉशची गरज नाही.

एसी कंपन्यांचं स्वतःचं प्रशिक्षण गॅस आणि विजेच्या बाबतीत सगळ्यांत चांगलं असतं. त्यात छज्जा आणि अँकर किती शिकवणार, हे मात्र आधी विचारून घ्या.

साइटवरचं प्रशिक्षण, आपल्या भाषेत

प्रशिक्षक तुमच्याकडे येतो, आठ-दहा जणांना मराठीत किंवा हिंदीत तुमच्याच चालू कामावर शिकवतो, अर्ध्या-अर्ध्या दिवसाची तीन-चार सत्रं. वर्गाशी तुलना केली तर फरक फॉर्म भरताना दिसतो. वर्गात 'पीपीई दिलं' (म्हणजे हेल्मेट-हार्नेससारखी साधनं दिली) असं लिहून २० चा आकडा ४ वर आणता येतो आणि कुणी अडवत नाही. साइटवर चांगला प्रशिक्षक तिथेच विचारतो: शक्यता कमी झाली की तीव्रता? कशामुळे? हेल्मेट घातलं म्हणून चौथ्या मजल्यावरून पडणं सौम्य होत नाही, आणि ग्रिलला अडकवलेल्या हार्नेसने दोन्ही आकडे जागेवरच राहतात. हे एकदा स्वतःच्या हाताने खोडून लिहिलेला मिस्त्री पुढच्या खिडकीपाशी ग्रिल आधी हलवून पाहतो.

अडचण दर्जाची. इथे प्रशिक्षकच सगळं काही. पैसे देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: तुमच्या धंद्यातलं कोणतं काम तो समोर बसून तपासून दाखवेल, लटकलेल्या माणसाच्या सुटकेचा सराव घेणार का, आणि एका तुकडीत किती जण. गोलमोल उत्तरं मिळाली, किंवा पंचवीस-तीस जणांना एकत्र बसवणार असेल, तर दुसरा बघा. सोलरवाल्यांनी आणखी एक विचारावं: उन्हात पॅनलची डीसी लाइन बंद करता येत नाही, मग चालू लोडवर कनेक्टर उपसण्याचा धोका तो कसा शिकवणार?

दहा माणसांच्या एसी कंत्राटदारासाठी आमची निवड ही: एक सुपरवायझर वर्गाला किंवा आयओशला, बाकी सगळ्यांना साइटवरचं प्रशिक्षण, ऑनलाइन फक्त उजळणीला. साइटवरची सत्रं हंगाम पेटण्याआधी, फेब्रुवारीत घ्यावीत. मेअखेरीस अर्धा दिवस पावसाळ्यासाठी राखावा, कारण ओला शेवाळलेला छज्जा, भिजलेलं एक्स्टेन्शन बोर्ड आणि निसटणारी शिडी यांनी फेब्रुवारीत भरलेले आकडे जूनमध्ये चुकतात. माहुलच्या रिफायनरीत किंवा मेट्रोच्या साइटवर काम असेल तर तिथलं इंडक्शन (जागेची सुरक्षा-ओळख) आणि परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळं घ्यावंच लागतं; यांपैकी कोणतंही प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही.

प्रशिक्षणानंतर तीन आठवड्यांनी शेवटच्या दहा कामांचे फॉर्म मागवा. सगळ्यांवर एकच अक्षर आणि तेच आकडे असतील तर ते ऑफिसात बसून भरलेत. प्रत्येक फॉर्ममध्ये त्या जागेची म्हणून एखादी गोष्ट हवी: छज्जा डाव्या कोपऱ्यात पोकळ, मीटर रूमला कुलूप, खाली शाळेची बस थांबते. ती दिसत नसेल तर प्रशिक्षकाला त्याच फीमध्ये एका सत्रासाठी परत बोलवा, आणि ही अट पहिल्याच दिवशी कोटेशनमध्ये लिहून घ्या.