हळू आवाजात ऐकणाऱ्यांचे स्पीकर – सिंगल ड्रायव्हर बॅक लोडेड हॉर्न

हे स्पीकर कुणाकडं ऐकायला गेलात तर आधी आवाज कमी करायला सांगा. फुल आवाजात सगळेच स्पीकर बरे वाटतात, ह्यांची खरी परीक्षा रात्री घर झोपल्यावर होते.

मी लातूरला राहतो, घरात तीन पिढ्या, अण्णा नऊला झोपतात, पोरं बाजूच्या खोलीत अभ्यासाला बसतात, त्यामुळं माझं जे काही ऐकणं असतं ते रात्रीचं आणि हळूच. साध्या बुकशेल्फ स्पीकरवर आवाज कमी केला की तानपुरा जातो, तबल्याचा बाया म्हणजे डग्गा जातो, गाणाऱ्याचा मधला मधला आवाज तेवढा उरतो, मग नकळत हात व्हॉल्यूमकडं जातो आणि आतून कुणीतरी ओरडतं. ह्या हॉर्नवर तसं होत नाही. बाया थोडा कमी होतोच, हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येणं हा कानाचाच स्वभाव आहे, पण तानपुऱ्याच्या चारी तारा, गायकानं श्वास कुठं घेतला, तबलजीचं बोट शाईवर पडलं का चाटीवर, हे सगळं जागेवर राहतं. मला दुसरं काही नको होतं.

आता हे कसं चालतं ते थोडक्यात. नेहमीच्या स्पीकरमधे खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर वेगळे आणि मधे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो, तो बहुतेक वेळा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज तोडतो, आणि कान सगळ्यात तिखट असतो तो नेमका त्याच भागाच्या जवळपास. इथं एकच ड्रायव्हर, म्हणजे एकच कागदी कोन, सगळं वाजवतो, मधे कॉइल नाही कपॅसिटर नाही, ॲम्प्लिफायरची वायर थेट ड्रायव्हरला. कोनच्या पुढचा आवाज सरळ आपल्याकडं येतो आणि मागचा आवाज पेटीतल्या घडी घातलेल्या बोगद्यातून जातो, हा बोगदा रुंद होत होत शेवटी मोठ्या तोंडातून बाहेर पडतो, त्यातून बास मिळतो. जत्रेतला भोंगा थोड्या वॅटमधे गावभर ऐकू जातो त्यामागचं तत्त्व हेच. कल्पना जुनी आहे, पॉल व्हॉइग्ट नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १९३० च्या दशकात असे हॉर्न केले आणि पुढं लोदर कंपनीनं ते काम चालवलं, लोदरचे ड्रायव्हर अजूनही ह्या छंदातले लोक जपून वापरतात. जपानच्या फॉस्टेक्सनं तर आपल्या ड्रायव्हरसाठी पेटीचे नकाशेही काढून दिलेत, त्यामुळं चांगला मिस्त्री असेल तर पेटी गावातच होते.

माझे ड्रायव्हर आठ इंची, सेन्सिटिव्हिटी ९६ डीबी (डेसिबल), म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ९६ डीबी. ८७ डीबीच्या साध्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी आठपट पॉवर लागते. मी रात्री ऐकतो तो आवाज मीटरभर अंतरावर ७० डीबी धरला तर स्पीकरला फक्त अडीच मिलिवॅट जातात बघा! म्हणून ८ वॅटचा ३००बी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीचा, ॲम्प्लिफायर लै झाला. पण ह्याची दुसरी बाजू अशी की ॲम्प्लिफायरमधली बारीक गुणगुणसुद्धा हे स्पीकर तुम्हाला ऐकवतात. आमच्याकडं दुपारी व्होल्टेज पडतं आणि रात्री चढतं, स्टॅबिलायझरशिवाय व्हॉल्व्ह लावू नका, आणि लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका, इतकी खरखर येते की गाणं बंद करावं लागतं. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर साइन वेव्हचा घ्या. अजून एक, एवढ्या सेन्सिटिव्हिटीला व्हॉल्यूमचं बटण कायम तळाशीच राहतं आणि बटणामागच्या स्वस्त पॉटमधे तिथं डावा उजवा सारखा नसतो, म्हणून डॅकचा (डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला देणाऱ्या डबीचा) आउटपुट कमी करून ठेवा म्हणजे बटण मधोमध फिरवता येतं.

पेटी इथल्याच मिस्त्रीनं १८ एमएमच्या मरीन प्लायमधे केली. दोन पेट्यांना लागलेला प्लाय बघून तो म्हणाला, “भाऊ, एवढ्यात कपाट झालं असतं.” पण माणूस कसबी, आतल्या तिरक्या पट्ट्यांच्या सांध्यात कुठं फट ठेवली नाही, आणि हॉर्नमधे तेच महत्त्वाचं, फट राहिली की बास गेला. वजन इतकं की हलवायला दोघं लागतात.

आता खोली. ह्यावर जरा जास्त बोलतो कामून की स्पीकरचं निम्मं काम खोलीच करते. आमचं लातूरचं घर स्लॅबचं, खाली शहाबादी फरशी, भिंती गुळगुळीत. फुलरेंज, म्हणजे सगळे सूर एकटाच वाजवणारा, ड्रायव्हर वरच्या मिडरेंजमधे (मधल्या सुरांच्या वरच्या भागात) थोडा ओरडतोच, ह्या जातीचा गुणच तो, आणि अशा खोलीत ते ओरडणं दुप्पट होतं. हलगी किंवा वरच्या पट्टीतली हार्मोनियम कानाला टोचायची. मी मागच्या भिंतीला आजीची जाड वाकळ टांगली, फरशीवर सतरंजी टाकली, स्पीकरची तोंडं थेट माझ्याकडं न ठेवता जराशी बाहेर वळवली, तेव्हा ते निवळलं. आमच्या गावाकडं, औसा तालुक्यात, एक माळवदाची खोली अजून शिल्लक आहे, १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात अशी घरं कमीच राहिली. दिवाळीत स्पीकर तिकडं नेले. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती, आवाज कुठं आपटतच नाही, आणि कोपऱ्यात ठेवल्यामुळं बास असा भरला की मला परत लातूरला आणवेनात. मल्लिकार्जुन मन्सूर त्या खोलीत ऐकले, समोर बसून गातायत असं लोक उगाच लिहितात वाटायचं, आता मीपण तसंच लिहितो.

काय ऐकायचं म्हणाल तर माणसाचा आवाज. किशोरीताई, भीमसेनजी, आपल्या मराठवाड्याचे नाथराव नेरळकर, आकाशवाणीच्या जुन्या मोनो रेकॉर्डिंगसुद्धा ह्याच्यावर जिवंत होतात. सारंगी, बासरी, सतार. तुळजापूरच्या गोंधळ्यांचं संबळ तर असं वाजतं की काठी कातड्यावर पडल्याचा ठोका आधी छातीला कळतो. बास मात्र एका हद्दीपर्यंतच. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला पुरेल असा पूर्ण हॉर्न करायचा तर खोलीभर जागा त्यालाच लागेल, त्यामुळं घरातल्या पेटीला तिथपर्यंत जोर राहत नाही. शिवाय बोगद्यातून येणारा बास काही मिलिसेकंद मागून येतो, बायाच्या मींडेत मला ते कधी जाणवलं नाही, पण इलेक्ट्रॉनिक ठेक्याच्या किकमधे जाणवतं. डीजेची गाणी, सिनेमातले स्फोट ह्यासाठी हे घेऊ नका, पैसे वाया जातील.

बसायची जागा पण एकच. आठ इंची कोन वरचे सूर टॉर्चसारखे सरळ फेकतो, मधे बसला त्याला सगळं मिळतं, सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला आवाज बोथट लागतो. चारजण मिळून ऐकणाऱ्या घरात हे खटकेल.

आणि आमच्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मे मधे पारा ४० च्या पुढं, कूलर चालू, कूलरच्या घरघरीत हळू आवाजातलं बारीक काम सगळं बुडून जातं, वर व्हॉल्व्हची उष्णता वेगळीच. त्या दिवसात मी पहाटे कूलर बंद करून तासभर ऐकतो, तेवढंच. दिवाळी ते होळी हा खरा मोसम.

घेणार असाल तर ड्रायव्हर बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी धरूनच बजेट काढा, नवीन ड्रायव्हर सुरुवातीला कोरडा वाजतो म्हणून लगेच मत बनवू नका, आणि मिस्त्रीकडून हॉर्नच्या तोंडाला बारीक तारेची जाळी आधीच मारून घ्या. आत अंधारा लांब बोगदा आहे, खेड्यातल्या घरात उंदीर आणि पाली तो सोडत नाहीत, आणि एकदा आत शिरलं की पेटी उघडता येत नाही.