द्रुत आता फाटत नाही: ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स आणि लाल सुई

बाबांच्या मागे घरात शंभरेक रेकॉर्डी राहिल्या. बहुतेक एचएमव्हीच्या, दमदमला छापलेल्या. ख्यालाच्या एलपी (मोठ्या तबकड्या) जास्त, बाकी नाट्यगीतं आणि भावगीतांच्या छोट्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या. त्यांचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर कधीचाच बंद पडला होता, म्हणून मी सुटकेससारखा उघडणारा एक स्वस्त प्लेअर मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, पण त्याच्या तानपुऱ्यात सतत हलकी लाट यायची. षड्ज जागेवर राहतच नव्हता. आई दोन दिवस ऐकून म्हणाली, "अगं, हे असं नव्हतं वाजत." तेवढ्यावर मी तो बंद केला. सुई धरणाऱ्या हाताचं (टोनआर्मचं) वजन जुळवायची सोयच नव्हती त्यात, आणि जड सुईखाली बाबांच्या रेकॉर्डी झिजवायची माझी तयारी नव्हती.

मग ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स हे टर्नटेबल घेतलं. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्टा नाही, रेकॉर्ड ज्यावर ठेवतात त्या तबकाखाली थेट मोटर. गती क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेली. तबकाच्या कडेला ठिपके आहेत, छोट्या दिव्याच्या उजेडात ते स्थिर दिसले की गती बरोबर. पहिल्याच संध्याकाळी तानपुरा सरळ लागला आणि मला सगळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

जुळणी स्वतःच करावी लागते, पण घाबरण्यासारखं काही नाही. मागचं वजन फिरवत फिरवत हात हवेत आडवा तरंगू द्यायचा, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची, मग २ ग्रॅमपर्यंत वजन पुढे घ्यायचं. हाताची आतल्या बाजूची ओढ रोखणारं अँटी-स्केटही २वर. सुईचा क्षीण आवाज अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवणारा फोनो प्रीअँप आतच आहे. अँप्लिफायरला फोनो इनपुट असेल तर मागचा स्विच 'फोनो'वर ठेवा, नसेल तर 'लाइन'वर. दोन्हीकडचे प्रीअँप एकावर एक चालू राहिले तर आवाज बसका आणि फाटका येतो. आतला प्रीअँप मला कामापुरता वाटला. शांत आलापीत मागे बारीक सळसळ ऐकू येते, वेगळा घ्यायचा तर नंतर घेता येईल.

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरात भिंतीत कडप्प्याची फळी आहे, त्यावर मी ते ठेवलं. स्पीकर मात्र त्या फळीवर ठेवले नाहीत. एकाच फळीवर दोन्ही असले की स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते.

पण खरी गोष्ट सुईची. टर्नटेबलसोबत व्हीएम९५ई येते, हिरवी, लंबगोल टोकाची. चांगली आहे. तरी भीमसेनजींच्या एलपीत एक गोष्ट मला सतत खुपायची. बाजू सुरू होते तेव्हा सगळं स्वच्छ, आणि शेवटी द्रुत, म्हणजे जलद बंदिश, आली की ताना किरकिऱ्या. आधी वाटलं, रेकॉर्डच गेली. नंतर हिशेब लागला. एलपीच्या गतीला (मिनिटाला ३३⅓ फेरे) बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१-२२. आणि आपल्या ख्यालाची मांडणीच अशी की विलंबित बाहेरच्या ऐसपैस वर्तुळात आणि तानांची गर्दी आत, लेबलाशी. सगळ्यात दाट गाणं सगळ्यात कमी जागेत कोरलेलं! तिथली बारीक वळणं लंबगोल टोकाला पुरती वाचता येत नाहीत.

म्हणून त्याच मालिकेतली एमएल घेतली, मायक्रोलिनियर म्हणजे आणखी बारीक घडवलेल्या टोकाची, लाल रंगाची. कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, बदलावं लागत नाही. हिरवी सुई ओढून काढायची, लाल टक् करून बसवायची. पाच सेकंद. टर्नटेबलला दिले त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके पैसे या एवढ्याशा तुकड्याला गेले आणि हात जरा कापला. पण कंपनी लंबगोल सुईला ३०० तास सांगते आणि मायक्रोलिनियरला १०००. रोज एक एलपी ऐकणाऱ्याला हिरवी सव्वा वर्ष जाईल, लाल चार वर्षं.

आणि द्रुत! तीच एलपी, तीच बाजू. तानेतला प्रत्येक स्वर सुटा, तबल्याची किनार वेगळी, 'स' आणि 'श' फिसफिसत नाहीत. जुन्या सुयांनी खाचेची भिंत जिथे घासली, त्याच्या वरखालचा भागही हे टोक वाचतं, त्यामुळे खूप वाजलेल्या रेकॉर्डीसुद्धा बऱ्याच सुधारल्या. एक मात्र आहे, घाणही तितकीच स्पष्ट ऐकू येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्डींवर बुरशी धरते, तेव्हा आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने पुसून, पूर्ण वाळवूनच लावा.

तक्रार एकच: हात आपोआप उठत नाही. बाजू संपली की सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते, तिचे तास फुकट जातात. दुपारी आईचा डोळा लागतो, म्हणून मी मोबाइलवर गजर लावते.

नवीन घेणाऱ्याने महागड्या वायरी आणि मोठे स्पीकर नंतर बघावेत. आधी धड फिरणारं तबक, बरोबर वजन आणि चांगली सुई. रेकॉर्डला टेकतं ते एवढंच टोक, पैसे तिथे घाला.

आजोबांच्या चौदा लाखेच्या तबकड्या अजून ट्रंकेत आहेत. त्यांची खाच रुंद, एलपीची सुई तळाशी घरंगळते. याच कार्ट्रिजला बसणारी ७८ची एसपी सुई मिळते आणि टर्नटेबलला ७८ची गतीही आहे. त्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. पुढच्या महिन्यात ती सुई घेणार. आईने पहिली कुठली लावायची ते ठरवून ठेवलंय, बालगंधर्वांची.