मागचे स्प्रिंग कडक केले आणि मागची सीट सुखावली

पावसाळा संपता संपता माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या लहान गाडीच्या मागच्या डाव्या डॅम्परमधून (हेलकावे आवरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरमधून) तेल झिरपू लागले आणि त्यावरून विक्रेत्याशी जो वाद झाला, त्यामुळे लोअरिंग स्प्रिंगविषयीचा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगविषयीचा, हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला मी गाडी 35 मिलिमीटर खाली आणणारा चार स्प्रिंगचा संच बसवून घेतला होता. कॉइलओव्हरची (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डॅम्पर जोडांची) किंमत माझ्या हिशेबात बसणारी नव्हती, आणि रोज कार्यालयात जाणाऱ्या गाडीची उंची दर आठवड्याला बदलण्याची गरजही नव्हती.

पहिले काही महिने मी समाधानी होतो. एकट्याने ताम्हिणी घाट चढताना गाडीचे कलणे स्पष्टपणे कमी झाले होते आणि स्टिअरिंग वळवल्यावर नाक लगेच वळत होते. त्या वेळी कोणी विचारले असते, तर मी हाच संच घ्यायला सांगितले असते. पुढे आई-बाबांना मागे बसवून, डिकीत सामान भरून कोल्हापूरला गेलो, तेव्हा महामार्गाच्या कामामुळे वाहतूक ठिकठिकाणी सेवा रस्त्यावर वळवलेली होती आणि प्रत्येक खड्ड्यात मागून असा हादरा बसत होता की साताऱ्याच्या पुढे बाबांनी कमरेमागे उशी घेतली. ज्याला विचारावे तो एकच निदान करी: स्प्रिंग कडक आहेत, लोअरिंग केले की एवढे सोसावेच लागते.

तेल गळू लागल्यावर डॅम्पर उतरवला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. धुळीचे रबरी आवरण वर सरकवताच फोमच्या बम्प स्टॉपचा (स्प्रिंग पूर्ण दबताना धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचा) पिवळट भुगा हातावर पडला. खालचा अर्धा भाग शिल्लकच नव्हता. स्टॉप कधीतरी दबण्यासाठी असतो. तो असा पिठासारखा होतो याचा अर्थ गाडी वारंवार, बहुधा सततच, त्याच्यावर टेकत होती. विक्रेत्याने "रस्ते खराब आहेत, वॉरंटीत बसत नाही" असे सांगून विषय संपवला. मी स्प्रिंग रेट (स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारे बळ) विचारला, तर "स्पोर्ट आहे, मूळपेक्षा तीस टक्के कडक" हे उत्तर मिळाले. खोक्यावर उंची किती कमी होणार ते ठळक छापले होते, रेट कुठेही नव्हता. या गोष्टीची चीड मला अजून आहे, कारण मूळ आकडा न सांगता सांगितलेल्या टक्केवारीवरून ग्राहकाला काहीही ठरवता येत नाही.

शेवटी भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मागचा स्प्रिंग प्रेसवर ठेवून, खाली वजनकाटा लावून मोजला. थोडा प्राथमिक दाब देऊन पुढे आणखी 25 मिलिमीटर दाबण्यासाठी सुमारे 53 किलो भार लागला, म्हणजे रेट 21 न्यूटन प्रति मिलिमीटर. चाकाला जाणवणारा रेट मात्र याहून कमी असतो. पोलोच्या मागच्या ट्विस्ट बीममध्ये (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या, पीळ घेणाऱ्या आडव्या तुळईत) स्प्रिंग चाकापासून आत असतो. जॅकने चाक 20 मिलिमीटर उचलले, तेव्हा स्प्रिंग 17 मिलिमीटरच दबला. हे गुणोत्तर 0.85 आले आणि रेटसाठी त्याचा वर्ग धरावा लागतो, म्हणून 21 चा चाकापाशी 15 होतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला खांब) चाकाच्या जवळ असल्याने हा तोटा बराच कमी असतो. तिथले 25 न्यूटनचे स्प्रिंग चाकापाशी सुमारे साडेबावीस भरतात.

आता भाराचा हिशेब पाहा. मागे दोन माणसे आणि सामान मिळून प्रत्येक मागच्या चाकावर साधारण 80 किलो वाढतात. पंधराच्या रेटवर तेवढ्या वजनाने मागची बाजू 52 मिलिमीटर खाली बसते, आणि लोअरिंगनंतर स्टॉपपर्यंत माझ्याकडे जेमतेम 45 मिलिमीटर उरले होते. म्हणजे घरचे लोक गाडीत बसले की खड्डा येण्याआधीच स्टॉप दबलेला असे, आणि प्रवासी ज्याला कडक स्प्रिंग म्हणत होते तो खरे तर दबलेला फोम होता. स्प्रिंग या कामासाठी कडक नव्हे, मऊ होते.

त्यामुळे मी संच बदलला नाही. दुसऱ्या उत्पादकाकडून फक्त मागची जोडी घेतली: रेट 28, चाकापाशी सुमारे 20, आणि उंची मूळपेक्षा 20 मिलिमीटरच कमी. सोबत नवे बम्प स्टॉप आणि दोन नवे डॅम्पर घेतले. आता तेवढ्याच भाराला गाडी 39 मिलिमीटर बसते आणि स्टॉपपर्यंतच्या साठ मिलिमीटरपैकी (आधीचे 45 आणि उंची वाढल्याने मिळालेले 15) एकवीस मिलिमीटर खड्ड्यांसाठी शिल्लक राहतात. त्याच कोल्हापूरच्या रस्त्यावर मागून एकही हादरा ऐकू आला नाही आणि बाबा कराडपर्यंत झोपले. स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक झाला आणि मागची सीट अधिक आरामदायी झाली, हे मी स्वतः अनुभवले नसते तर मला पटले नसते.

यामागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते स्प्रिंग निवडताना तेच सर्वांत आधी तपासले पाहिजे. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्या चाकांना क्षणभराने. मागच्या बाजूची नैसर्गिक वारंवारता (धक्का बसल्यावर सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या, हर्ट्झमध्ये) पुढच्यापेक्षा थोडी जास्त असली, तर मागचे हेलकावे पुढच्यांना गाठतात आणि गाडीचे झुलणे लवकर थांबते. अभियंते मॉरिस ओली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर मूलभूत काम केले. माझ्या गाडीत पुढे ती सुमारे 1.4 हर्ट्झ येते. आधीच्या स्प्रिंगवर मागे एकट्याने चालवताना 1.45 येई, पण भार चढताच ती 1.2 वर घसरे, म्हणजे क्रमच उलटा होई. नव्या जोडीवर भरलेल्या गाडीतही ती 1.4 राहते. लहान हॅचबॅकमध्ये मागचे वजन प्रवाशांनुसार फार बदलते, म्हणून मागचा रेट रिकाम्या गाडीवर ठरवणे मला चुकीचे वाटते.

याची किंमत आहेच. एकटा असताना मागे 1.7 हर्ट्झ होते, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागची बाजू उडते आणि ओल्या घाटात वळणावर ॲक्सिलरेटर अचानक सोडला, तर शेपूट हलकी झाल्याचे जाणवते. पावसात म्हणूनच मी वळणापूर्वीच वेग कमी करतो. रेट तिसऱ्या हिश्श्याने वाढला की तेवढेच हेलकावे आवरायला डॅम्परचा जोर सुमारे पंधरा टक्के जास्त लागतो, त्यामुळे थकलेल्या जुन्या डॅम्परवर असे स्प्रिंग घालण्यात अर्थ नाही.

द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटच्या सांध्यांची धडधड मात्र दोन्ही जोड्यांवर सारखीच राहिली. ताशी 100 किलोमीटरला साडेचार मीटरवरचे सांधे सेकंदाला सहा वेळा लागतात, आणि इतक्या जलद कंपनांवर स्प्रिंगपेक्षा टायर, त्यातली हवा आणि डॅम्पर यांचाच प्रभाव अधिक असतो. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणल्यावर धडधड थोडी कमी झाली. आधी टायरवाल्याने प्रत्येक वेळी जास्तच भरली होती.

पुढचे स्प्रिंग मी आहेत तसेच ठेवणार आहे. पुढे 32 न्यूटनचे घाला, वळणात आणखी मजा येईल, असा सल्ला मिळाला होता, परंतु त्याने पुढची वारंवारता 1.6 च्या जवळ जाईल आणि चौघे बसल्यावर मागची पुन्हा तिच्या मागे पडेल.